काउंटरवरचा याकूब

घरातून निघताना आईने कुराण शरीफ वर धरून मला त्याखालून नेले, उंबऱ्याशी थांबवले आणि म्हणाली, "तिकडे लाजत बसू नको. याकूबसारखा बोल."

याकूब माझा थोरला भाऊ. सौदीतल्या जेद्दाच्या बलद या जुन्या भागातल्या हॉटेलातली ती नोकरी मुळात त्याच्यासाठीच बोलून ठेवलेली होती. जाण्याची तयारी चालू असताना त्याला कावीळ झाली आणि तो वारला. पुढे ओळखीतल्या माणसाचा निरोप आला की जागा अजून रिकामी आहे, धाकटा आला तरी चालेल. आमच्या खाडीकाठच्या गावात याकूबला न ओळखणारे घर नव्हते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, पाहुणे आले की मागच्या पडवीत जाऊन बसणारा. एस.टी. सुटली तेव्हा हात हलवायचेही मला सुचले नाही.

तुम्ही जे मागे राहिलात, आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, त्या तुम्हा सगळ्यांना हे सांगावे असे पुष्कळ दिवस मनात आहे. नीट सांगता येईल याची खात्री नाही.

हज आणि उमऱ्याला आलेल्या लोकांना खोल्या देणे, हे माझे काम. पहिले काही आठवडे मी किल्ल्या पुढे सरकवत असे, एवढेच. मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मॅनेजर वैतागून म्हणे, "यल्ला, चल, तोंड उघड." एका दुपारी प्रवासाने शिणलेली म्हातारी माणसे खोल्यांवरून आपापसांत भांडू लागली. तेव्हा काय झाले ते मला आजही सांगता येत नाही. मी तळहात छातीवर ठेवला, काउंटरवरून पुढे झुकलो, एक गमतीची गोष्ट सांगू लागलो आणि ती संपण्याआधीच स्वतः हसलो. ती माणसेही हसली. मी मात्र आतून गारठलो. गोष्ट संपायच्या आत हसायची सवय याकूबची होती. गावातले लोक त्याच्या विनोदाला कधी हसत नसत, त्याच्या त्या हसण्याला हसत. आणि ते हसू आता माझ्या गळ्यातून बाहेर पडले होते.

मग ते येतच राहिले. अरबी मी त्याच तोऱ्यात शिकलो. लग्नासाठी जुबेदाच्या घरच्यांनी मला पाहिले ते त्याच रूपात, आणि "मुलगा बोलका आहे" म्हणून होकार दिला. दर जुम्म्याला नमाजनंतर मी आईला फोन करी, आणि गावातल्या कुणाच्या तरी नकला करून तिला हसवी. माणूस बदलतो, याचा मी स्वतःच पुरावा आहे, असे मला तेव्हा वाटे. क्वचित आरशासमोर दाढी करताना शंका येई, की बदललेला माणूस असा मागून कुणीतरी उभा असल्यासारखा का दचकतो?

पुढे सौदीकरण आले. काउंटरवर आता सौदी माणूसच हवा, असा नियम झाला. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा इकामा, इथे राहण्याचा परवाना, होता तो मालक, भला माणूस. त्याने मला काढले नाही. मागच्या खोलीत संगणकावर बुकिंगच्या नोंदी करायला बसवले. "मात्र आधी माजिदला तयार कर," म्हणाला.

माजिद विद्यापीठातून शिकून आलेला, गोरापान, पायघोळ पांढरा थोब घालणारा, अतिशय भिडस्त. गिऱ्हाईक समोर आले की त्याची नजर टेबलावर. त्याला पाहून मला भरून आले. मी म्हटले, "असा हात छातीवर ठेव. थोडा पुढे झुक. गोष्ट संपायची वाट पाहू नकोस, आधीच हस." तो मान डोलावत राहिला, आणि एक दिवस त्याने ते सगळे जसेच्या तसे करून दाखवले.

आता मी आत बसतो आणि भिंतीपलीकडून ते हसू ऐकू येते. अरबी गोष्ट, अरबी आवाज, पण हसू वेळेआधी फुटते. हैदराबादचा सामान उचलणारा खादर दारातून डोकावून म्हणाला, "सलीमभाई, बाहर आके देखो. काउंटर पे तुम्हारा भूत खड़ा है, थोब पहन के." मीही हसायचा प्रयत्न केला. आले नाही. त्या दिवसापासून आलेच नाही.

घरी जुबेदा म्हणाली, "तुम्ही कुणाच्या तरी घरी पाहुणे आल्यासारखे बसता हो." मुलगी मोबाइलमधून मान वर करून विचारते, "पापा, आर यू ओके?" मी मान हलवतो. वीस वर्षे याकूब या घरात राहिला आणि आता निघून गेला, हे त्यांना कसे सांगणार? त्यांनी याकूबला पाहिलेलेच नाही.

आईला फोन करणे मी टाळू लागलो. शेवटी एका जुम्म्याला तिचाच आला. मी सलाम केला, तब्येत विचारली, आणि पुढचे शब्द सापडेनात.

आई हळूच म्हणाली, "आज तो नाय वाटतं?"

"कोण?"

"दर जुम्म्याला बोलायचा तो. मला कळायचं रे. पन विचारायला धजले नाय. विचारलं, आनि तो गेला तर?"

मी एकदा हसलो असतो तर तिला तो परत मिळाला असता. मी तोंड उघडलेही. माझ्याकडे काहीच नव्हते.

"नाही आई. मीच आहे. सलीम."

पलीकडे ती रडत असावी. लोक मला विचारतात, गावी परत कधी जाणार. घर म्हणजे आता मला एवढेच वाटते: जिथे मी पोहोचलो की याकूब दुसऱ्यांदा मरतो, आणि तरीही जिथे माझी वाट पाहिली जाते.

काही वेळाने तिने नाक पुसल्याचा आवाज आला. "जेवलास?" तिने विचारले. याकूबला हे कधी विचारावे लागत नसे. काय खाल्ले ते तो आपणहून सांगत सुटे.

"जेवलो," मी म्हणालो.

फोन मात्र कुणीच ठेवला नाही.