लेखकाचा रकाना

टीमचं सॉफ्टवेअर बदलणं ही तशी सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पण बंगळुरातल्या माझ्या पहिल्या नोकरीतली हीच एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हेब्बाळला तळ्याच्या बाजूला एका दुमजली इमारतीत आमचं ऑफिस होतं. कारखान्यांतली यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो, ती अडली की फोनवरून सोडवायचो. नऊ माणसं, सहा संगणक आणि सगळ्यांची मिळून एक वही. म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली पानं. कुणीही उघडावीत, भर घालावी, खोडावं. आज त्याला विकी म्हणतात, आम्ही वहीच म्हणायचो. कुठलं पान कुणाचं याची नोंद तिच्यात नसायची आणि कुणाला हवीही नसायची.

त्यातली निम्मी पानं अण्णांची. अण्णा पन्नाशीचे, राहायला बनशंकरीला. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षं त्या मुलखातलंच. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्ही एकमेकांत सांडलेलं. आधीची सगळी वर्षं कारखान्यांत गेलेली, त्यामुळे यंत्राचा नुसता आवाज फोनवर ऐकून बिघाड सांगायचे. कीबोर्डला मात्र हात लावत नसत. मी सांगलीहून आलेला, टायपिंगची परीक्षा दिलेला. बिघाड सुटला की ते कॉफीचा पेला घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत उतरवायचो.

“स्वल्प सावकाश रे. माझं तोंड तुझ्या बोटांएवढं पळत नाही.”

“तुमचं मराठी कळायलाच वेळ लागतो, अण्णा.”

“लागणारच. आमचं मुरलेलं आहे, लोणच्यासारखं. तुमच्या सांगलीचं म्हणजे कुणी भांडायलाच आलंय असं वाटतं.”

त्यांचा एक हट्ट होता. प्रत्येक पानावर आधी आपलं काय चुकलं ते लिहायचं, मग काय केलं ते.

“चूक कशाला लिहायची? साहेब वाचतात,” मी एकदा म्हणालो.

“साहेबासाठी नाही लिहीत आपण. उद्या तुझ्यासारखाच एक शहाणा येईल आणि तिथंच अडेल. त्याचा दिवस वाचला पाहिजे.”

मग वहीची नवी आवृत्ती आली. जुनी पानं नव्या जागी न्यायची तयारी माझ्याकडे. दुबार पानं काढायची, टेपवर बॅकअप घ्यायचा, याद्या करायच्या. तो आठवडा मला अजून आवडतो, हे लिहितानाही आवडतो. खिडकीतून तळ्यावरचं वारं यायचं आणि मी एकेक पान वाचत बसायचो. ‘अर्धा दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. चूक नव्हती. उंदरानं वायर खाल्ली होती. आधी वायर बघा.’ माझं इंग्रजी, पण आवाज अण्णांचा. मी एकटाच हसायचो.

नव्या आवृत्तीत प्रत्येक पानाला लेखकाचा रकाना होता. रिकामा ठेवला तर पान पुढे जाणार नाही, आणि नाव द्यायचं तर त्या माणसाचं लॉगिन हवं. अण्णांना लॉगिन नव्हतं. ते काढून देणं माझ्याच हातात होतं, पाच मिनिटांचं काम. पहिल्या पानावर मी माझं नाव घातलं. नंतर बदलू, म्हटलं. दहाव्या पानापर्यंत ते नाव तिथं बरं दिसायला लागलं होतं. खरं सांगायचं तर तेच. संध्याकाळपर्यंत साठेक पानं माझी झाली.

दोन दिवसांनी साहेबांनी यादी चाळली. “एवढी पानं तुझी?”

“हो, सर.”

अण्णा चार पावलांवर खिडकीशी फोनवर कन्नडमध्ये कुणालातरी फ्यूज बदलायला सांगत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मान वळवली नाही.

महिन्याभरात टीम लहान करायचं ठरलं. कोण किती लिहितं याची यादी नवी वही आपोआप छापून देत होती. त्या कागदावर अण्णांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांना के. आर. पुरमच्या सुट्या भागांच्या गोदामात पाठवलं, मला टीमचा प्रमुख केलं. साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, “सरी, बरं. स्टेशनजवळ आहे म्हणतात.” बनशंकरीहून ते शहराचं दुसरं टोक. मी त्यांचा पेला आणि दोन मळके स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत भरून दिले. अजून बोलता आलं असतं. मी पिशवीला गाठ मारत राहिलो.

तीन महिन्यांनी एका रविवारी बनशंकरीला गेलो. सगळं सांगून टाकायला चाललोय, असं मी स्वतःला बजावत होतो. खिशात मात्र एका छापखान्याच्या बिघाडाचा कागद होता. दोन दिवस कुणाला उमगलेला नव्हता. त्यांच्या पत्नीला मी अक्का म्हणायचो. अक्कांनी कॉफी दिली, म्हणाल्या, “गोदामात बोलायला कुणी नाही त्यांना. घरी येऊन मिक्सरशी बोलतात.”

“मिक्सर ऐकतो तरी,” अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “काय अडलंय? तोंडावर दिसतंय तुझ्या.”

मी कागद काढला. त्यांनी चष्मा लावला, दोन प्रश्न विचारले आणि एकदम खुलले. अर्धा तास ते सांगत होते, हातांनी रोलर फिरवून दाखवत होते. मी लिहून घेत होतो. निघताना त्यांनी विचारलं, “वही बरी चाललीय ना?”

“चाललीय.”

सोमवारी यंत्र सुरू झालं. मी नवं पान उघडलं. आमचं काय चुकलं ते आधी लिहिलं, मग अण्णांनी सांगितलेला उपाय, त्यांच्याच क्रमानं. लेखकाचा रकाना आता माझ्या नावानं आपोआप भरला जायचा. तो बदलायचं बटण शेजारीच होतं, आणि ते मला वापरता येत होतं. पान तसंच जतन केलं आणि कॉफी प्यायला खाली गेलो.