पुकारायचा राहिलेला आहेर

१२ जानेवारी १९५६, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पिंपरीच्या आमच्या सरकारी औषध कारखान्यात जे घडले, त्यावरून माझे एक अनुमान पक्के झाले. चिंचवड गावठाणातील माझ्या घरमालकांइतका मोठा आवाज आणि त्यांच्याइतकी कमी भीड एकाच माणसात पुन्हा आढळणार नाही.

पंचक्रोशीतील लग्नांत आहेर पुकारण्याचा मान त्यांचा. कोणी काय दिले, ते साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असे सांगायचे. ही सवय मात्र मांडवापुरती राहिली नव्हती. वर्गणीतून आणलेली देवळाची घंटा ते किमतीसह पुकारीत. जावई आला की त्याने आणलेली केळी किती, हेही आळीला कळे. त्यांच्या पत्नी म्हणत, "ह्यांना कानात सांगितलं, तरी येशीपातुर जातंय." चार लोकांचे घेतले की चार लोकांत सांगायचे, एवढेच त्यांचे शास्त्र होते.

त्या दिवशी परदेश दौऱ्यावरून परतलेल्या एका मंत्र्यांचा सत्कार होता. हार घालणाऱ्यांची नावे पुकारायला व्यवस्थापकांनी घरमालकांनाच बोलावले. कर्णा भाड्याने आणण्यापेक्षा ते सोयीचे वाटले असावे. मला प्रशिक्षणासाठी सहा महिने विलायतेला पाठवण्याचा कागद याच मंत्र्यांच्या सहीसाठी अडला होता. शेवटचा हार झाला, तरी घरमालक व्यासपीठावरून उतरेनात.

"सायेब, एक आहेर राह्यला," ते म्हणाले. "तुमच्या इमानाच्या तिकिटाचा. लोकांनी किती दिला, तेवढं सांगा. म्या पुकारतो."

व्यवस्थापकांच्या हातातील गुलाबदाणी तिरकी झाली. मंत्री हसले, आकडा कळवू म्हणाले. तो कधीच आला नाही. माझ्या कागदावर सही झाली, पण सात महिन्यांनी. तेवढा काळ मी घरमालकांशी कामापुरते बोलले आणि ते माझ्याशी नेहमीइतकेच. निघताना त्यांनी मला बजावले, "पोरी, तूबी लोकांच्याच पैशानं चाललीस. आली की तुझाबी पुकारणार हाय."

मी परतले, तेव्हा अर्धांगाने त्यांची वाचा गेली होती. मला पाहून ओट्यावरूनच त्यांनी चांगला हात वर केला, मांडव गप्प करताना करीत तसा. आळीतली माणसे थांबली. बोटीचे भाडे, खोली, जेवण असे एकेक मी सांगत गेले. त्यांनी कानामागे तळवा धरून नकारार्थी मान हलवली. माझा आवाज पुरत नव्हता. म्हणून शेवटची बेरीज मी पुन्हा, वेशीपर्यंत जाईल अशी पुकारली: पाच हजार आठशे त्रेचाळीस रुपये, अकरा आणे.