सुलभाने तपासणी टाळली नव्हती

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आधी वाटलं, तिची तब्येत सावरू दे. मग वाटलं, आता कशाला उकरून काढायचं. मग नुसतीच सवय झाली. गेल्या महिन्यात सुलभा गेली आणि बाराव्याला आमच्याच पडवीत जेवताना भावकीतल्या एकाने भाताचा डोंगर फोडता फोडता निकाल दिला, "बाई हट्टी रे! डॉक्टरान येळेर सांगल्यान, ही गेली नाय. मोदकांचो सोस." शेजारचा म्हणाला, "भियाली ती. सुयेक भियाणारी बाईल." दोघांनी मान डोलावली आणि सोलकढी मागितली... मला इतका संताप आला की पान तसंच ठेवून उठलो. लोकांना वाटलं, दादांना दुःख अनावर झालं. तसं नव्हतं. हे खोटं त्यांच्या ताटात कुणी वाढलं होतं ते मला माहीत होतं. मीच वाढलं होतं.

सुलभा माझ्या धाकट्या भावाची, वसंताची बायको. वसंता बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. मालवणात समुद्राच्या अंगाला आमचं घर, आणि घरापुढच्या मांडवात सुलभाने पर्यटकांसाठी खानावळ सुरू केली होती. पहाटे बंदरावर जाऊन स्वतः मासळी घ्यायची. लिलावात तिच्यासमोर कुणी आवाज चढवत नसे, कारण तिचा आधीच चढलेला असे. मी घरातला थोरला दीर. मला सगळे दादा म्हणत, तीही म्हणायची, पण दबून कधीच नाही. मी कचेरीतून निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा म्हणाली होती, "दादा, आता सायबी संपली. उद्यापासून कांदे सोलूक बसा." आणि खरोखरच कांद्यांनी भरलेलं सूप माझ्यापुढे आणून ठेवलं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिला चढणीवर धाप लागू लागली. बंदरावरून घरी येताना चिऱ्यांच्या पायऱ्या आहेत. मधेच टोपली खाली ठेवून ती काजूच्या झाडाला टेकायची. मी विचारलं तर म्हणाली, "छातीर कोणी चिरो ठेवल्यासारख्या होता. मगे उतारता." कधी जबडा दुखायचा, कधी डावा खांदा. घरातल्या सगळ्यांनी, म्हणजे आम्ही पुरुषांनी आणि म्हाताऱ्या बायकांनीही, एकमताने ठरवलं की हा गॅस. ओवा खा, लिंबू-सोडा पी. बाईच्या छातीत दुखलं की आपल्याकडे तो गॅसच असतो. हेच मला झालं असतं तर त्याच दिवशी गाडी निघाली असती.

शेवटी तीच गावातल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ईसीजी काढला, पट्टी सरळ आली. आम्ही खूश. पण डॉक्टर खूश नव्हते. त्यांनी तिला आणि मला समोर बसवून सांगितलं, "ही पट्टी म्हणजे हृदयातल्या विजेची त्या क्षणाची नोंद. बाई आत्ता पडून आहेत, दुखत नाही, म्हणून पट्टी चांगली. पायऱ्या चढताना काय होतं ते यात दिसत नाही." मग इको झाला. पोटाची सोनोग्राफी करतात तशीच, फक्त छातीवर. हृदय हलताना दिसतं, झडपा उघडतात-मिटतात ते दिसतं, रक्त किती जोराने ढकललं जातं ते कळतं. सुलभा पडद्याकडे मान वळवून म्हणाली, "ह्या माजा काळीज? सुंगटासारख्या वळवळता!" काळजाला कोळंबी म्हटलेलं ऐकून तपासणारी डॉक्टरीण इतकी हसली की तिला हात थांबवावा लागला. इकोही चांगला आला.

मला वाटलं, संपलं. पण त्यांनी तिला चालत्या पट्ट्यावर चालवलं, छातीला तारा लावून. पट्टा हळूहळू वेग घेतो, चढ वाढतो, आणि हृदयाला जास्त रक्त लागलं की ते मिळतं की नाही हे तारांमधून समजतं. "चलान चलान थयच!" इतकं चालून जागच्या जागीच, असं ती ओरडून मला सांगत होती. थोड्या वेळाने तिचं बोलणं बंद झालं. चिरा पुन्हा छातीवर बसला होता आणि या वेळी पट्टीनेही तो पकडला. तपासणी मधेच थांबवली.

डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. मनगटाच्या नाडीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, त्यातून औषध सोडायचं, ते एक्स-रेत दिसतं आणि कुठली वाहिनी किती अरुंद झाली आहे ते कळतं. "हे ऑपरेशन नव्हे," ते म्हणाले, "हा फोटो आहे. इकोने पंप बघितला, पट्ट्याने रक्त कमी पडतंय हे सांगितलं. नक्की कुठे, हे याच्यातच दिसेल. उशीर करू नका." गोव्याच्या इस्पितळातली तारीखही त्यांनीच मिळवून दिली. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यातली.

मी विचारलं, "धोका काय?"

ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "फार क्वचित. पण सही घेतात, कारण शून्य धोका कशातच नसतो." बाकीचं सगळं मी तिथेच सोडून आलो आणि हे एवढं वाक्य घरी आणलं.

आमची भावकी मोठी. भावकीत कुणी गेलं की सगळ्या घरांना सुतक, आणि सुतकात गणपती बसत नाही. मुंबईची माणसं येऊन ठेपायची होती. माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-फुलं बांधतात त्या चौकटीसाठी, मुलं रानात फिरून आली होती. आम्ही डॉक्टरांकडून परतलो त्या संध्याकाळी भावकीच्या थोरल्या घरात चार जाणते बसले आणि एकाने हळूच विषय काढला, "दादानू, तिका काय झाला तर? दहा घरांचे गणपती ऱ्हवतले." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एका जिवंत बाईच्या छातीतल्या दुखण्यासमोर आम्ही आमचं सुतक मांडलं होतं. तिचा जीव वाचवणारी तपासणी आम्हाला आमच्या सणावरचं संकट वाटली. देवाने असं कधी मागितलं होतं? मागितलं आम्ही, आणि त्याचं नाव पुढे केलं. मी म्हणालो, "चतुर्थी होऊंदे. मगे बघूया."

रात्री वसंताचा बोटीवरून फोन आला. "दादा, काय म्हणता डॉक्टर?" मी म्हणालो, "घाई नाय म्हणता. सुलभाचीच इच्छा आसा, सण झालो की जावया." ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. डॉक्टर काय म्हणाले ते तिनेही ऐकलेलं होतं. मला वाटलं, ती फोन हिसकावून घेईल. लिलावात चौघांना गप्प करणारी बाई. तिने फक्त दाराची कडी लावली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिला झटका आला. गोव्याला पोचेपर्यंत उशीर झाला होता. तिथे अँजिओग्राफी झाली, अरुंद वाहिनी दिसली, ती उघडलीही. पण हृदयाचा एक भाग तोवर मेला होता, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. त्यानंतर दर वर्षी इको होत राहिला. डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून दाखवायचे, ही भिंत हलत नाही, बाकीच्या भिंतींवर हिचा भार पडतोय. सुंगटाचा विनोद तिने पुन्हा केला नाही. खानावळ आधी एका वेळेची झाली, मग बंद झाली.

वसंता नोकरी सोडून घरी आला आणि तिची सेवा त्याने मनापासून केली. पण चिडला की एकच वाक्य. "तुका येळेर जावक काय झाल्ला? मोदक म्हत्त्वाचे!" माझ्यासमोर म्हणायचा, पाहुण्यांसमोर म्हणायचा. ती माझ्याकडे एकदा बघायची आणि भाजी निवडत राहायची. वसंताचं वाक्य गावाने उचललं, आणि गावाकडून ते बाराव्याच्या पंगतीत पोचलं.

एकदाच तिने तोंड उघडलं. गेल्या उन्हाळ्यात इकोसाठी नंबर लागायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. वसंता औषधं आणायला गेला होता. माझं धाडस झालं. म्हटलं, "सुलभा, त्या वर्षी मी..."

"माका काय सांगूचा नाय," ती म्हणाली. धाप लागत होती, पण आवाज जुनाच. "माका म्हायत आसा. तुमच्या भावाक सांगा. माज्या म्होरे सांगा. इतक्याच करा."

मी हो म्हटलं. वसंता पिशवी घेऊन आला आणि मी त्याला विचारलं, गोळ्या सगळ्या मिळाल्या का. तिने डोळे मिटून घेतले. मग आतून तिचं नाव पुकारलं.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वसंताला सगळं सांगितलं. त्याने मारलं असतं तरी चाललं असतं. तो माडांकडे बघत म्हणाला, "दादा, मी तिका इतकी वर्सां बोललंय. आता मी कोणाची माफी मागू?"

तिला माझी माफी नकोच होती, तिच्यासमोर वसंताला खरं सांगावं एवढंच तिने मागितलं होतं. मी बोललो खरा... पण ती समोर नव्हती.