साठ सेकंदांची कुस्ती

आवाज ही ईश्वरी देणगी असते. बारामतीच्या एसटी स्टँडमागं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तिथं ही देणगी रोज संध्याकाळी सणसरच्या गाडीनं येई. देणगीचे धनी सणसरचे तात्या; पडद्यावरच्या मारामारीचं वर्णन ते जत्रेतल्या कुस्तीसारखं करत. खेळातल्या जपानी पैलवानांना त्यांनी आपल्या मनानंच तालमी आणि वस्तादही मिळवून दिले होते. स्वतः मात्र कधी खेळले नाहीत. "खेळनारी लय हायती, सांगनारा कुनी न्हाय," म्हणत.

दुकानदारानं कॉलेजच्या पोरांची स्पर्धा ठेवली आणि माइक आणला. "तात्या, आज जमलं तर दर रविवारी माइक तुमचाच."

तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले. अंतिम सामना सुरू झाला. रिवाजाप्रमाणं त्यांनी आधी मान्यवरांचं स्वागत केलं, मग दोन्ही तालमींची परंपरा सांगितली, वस्तादांना वंदन केलं. आवाज खरोखर सुंदर होता.

"आता लावा कुस्ती," तात्या म्हणाले.

"तात्या, ती झाली बी." दुकानदारानं माइक हळूच काढून घेतला.

त्या खेळात एक कुस्ती साठ सेकंदांची असते.