आटलेली कॉलर

मास्तरांची मान म्हणजे गल्लीतली सगळ्यात ताठ मान. लोकांचे शर्ट शिवून पोट भरायचं आणि आपल्याच शर्टाला कुणी नावं ठेवायची, हे त्यांना खपणारं नव्हतं. गळ्याचं बटण लावल्याशिवाय स्वारी मशीनवर बसत नसे. एका सकाळी ते बटणच लागेना. डावीकडे कॉलर काचत होती.

"कापड आटलंय," मास्तरांनी निकाल दिला. "तू गरम पाण्यात भिजवलंस."

बायकोनं जन्मात त्यांचा शर्ट गरम पाण्यात भिजवला नव्हता. पण ऐकतंय कोण? त्यांनी कॉलर उसवून सैल केली. थोड्या दिवसांनी पुन्हा काच, पुन्हा उसवाउसवी. मान बघायची सोडून हा बाबा शर्टच बघत बसला, आणि दरवेळी बोलणी तिला.

शेवटी तिचं डोकं फिरलं. आपली मान थोडीच बदलते, म्हणून मास्तरांनी जुन्याच मापानं शिवलेला नवा कोरा शर्ट तिनं खुंटीवरून ओढला. "घाला." बटण लागेना. "यानं तर पाण्याचं तोंडही पाहिलं नाही! आता बोला!" असं म्हणत तिनं ऐटीत कॉलरीत बोटं घातली, आणि बोटं तिथंच थांबली. गळ्याच्या हाडावर गाठ होती, बोराएवढी, टणक.

डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, रक्त तपासलं. "मूळ खाली आहे, लघवीच्या पिशवीखालच्या प्रोस्टेटमध्ये. कॅन्सर तिथून मानेत आलाय."

"अहो बाई, खाली काहीच तक्रार नाही! नळ अजून धो धो वाहतो."

"होतं असं क्वचित. कुशीवर वळा, तपासते."

तपासणी कुठून करतात हे कळल्यावर मास्तरांची मान पहिल्यांदा खाली गेली. पडद्याबाहेर बायको तोंड दाबून हसली आणि हसता हसता रडली.

"पूर्ण जाणार नाही," बाई म्हणाल्या, "पण इंजेक्शनांनी दबून राहील. किती दिवस, ते सांगता येत नाही."

इंजेक्शनं मानवली, गाठ विरली. फक्त अंगातून अशा वाफा निघायच्या की मास्तर बसल्या जागी घामाघूम. "कळलं आता? माझी पाळी जाताना म्हणत होतात, नाटकं करू नकोस!" मापाच्या पुठ्ठ्यानं वारा घालत बायको सगळे जुने हिशेब चुकते करायची.

कॉलर आता ढगळ झाली. मास्तर ती आत घ्यायला निघाले तर तिनं कात्रीच लपवली. रोज सकाळी बटण तीच लावायची आणि मास्तर गिऱ्हाइकाची कॉलर बघतात तशी आत दोन बोटं घालून बघायची. "जातात," म्हणायची आणि चहा टाकायची. ते ऐकल्याशिवाय मास्तरांनाही चैन पडत नसे.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी बोटं अडकली. तिनं पुन्हा घालून पाहिली.

"कापड आटलंय वाटतं," ती म्हणाली.

मास्तरांनी तिचा हात कॉलरीपाशीच धरून ठेवला. "गरम पाण्यात भिजवलं असशील."

"हो, भिजवलं," ती म्हणाली, आणि दवाखान्याची पिशवी शोधायला लागली.