पोशेऱ्याच्या गोष्टी आणि नवी विंडोज

निवृत्तीनंतरही मी जव्हारच्या घरात जुना संगणक जपून ठेवला होता, तो पोशेऱ्याच्या मावशींमुळे. मी त्या गावच्या शाळेत शिकवायचे तेव्हा या मावशी पोरांसाठी खिचडी शिजवायच्या आणि चुलीपाशी बसून त्यांच्या बोलीतल्या गोष्टी सांगायच्या. मी वहीत उतरवून घ्यायचे आणि रविवारी टाइप करायचे. अशा तीसेक गोष्टी जमल्या.

यंदा त्या संगणकावर पेन्शनचं संकेतस्थळ उघडेना. दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"बाई, विंडोज फार जुनी आहे. नवी टाकून देतो," तो म्हणाला. "पण तुमचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम तिच्यावर चालणार नाही. या फाइलींत नुसती चिन्हं दिसतील."

"मग राहू दे."

"राहू दे म्हणता, पण हे मशीन एक दिवस बंद पडणारच."

पंधरा दिवस माझं काही ठरेना. त्याने फाइली नव्या अक्षरांत बदलून पाहिल्या, तर जोडाक्षरांचा पार चुराडा. शेवटी सगळ्या गोष्टी छापून घेतल्या आणि एसटीने पोशेऱ्याला गेले. पुन्हा टाइप करायच्याच, तर आधी मावशींना वाचून दाखवाव्यात म्हटलं.

मावशी अंगणात नागली पाखडत होत्या. मी वाचायला लागले. तिसऱ्याच ओळीला त्यांनी सूप खाली ठेवलं.

"असा नाय बोलत आम्ही, बाय. हा तुझ्या शालंतला शब्द."

पुढे असे कितीतरी निघाले. त्यांचं बोलणं मी नकळत 'शुद्ध' करून ठेवलं होतं. इतकी वर्षं ज्यासाठी संगणक सांभाळला, ते निम्मंअधिक माझंच होतं. मी पेन काढलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत, मावशी?"

"तू मास्तरीण. तू लिवशील ता बरोबर, असा वाटला."

संध्याकाळच्या गाडीपर्यंत चार गोष्टी दुरुस्त झाल्या. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीवाल्याला फोन केला, "टाका नवी."

आता दर महिन्याला पोशेऱ्याला जाते, त्या सांगतात तसं लिहिते, घरी येऊन टाइप करते. एका गोष्टीचा शेवट मात्र त्यांना आठवत नाही. कागदावर आहे तो तुझाच असेल, म्हणतात. मलाही खात्री देता येत नाही. तेवढी जागा मी कोरी सोडली आहे.