म्हशीच्या तोंडात घातलेले हात

जीवघेणा आजार कुठून आला आणि कुणाकुणापर्यंत पोचला असेल, हे गावोगाव फिरून शोधायचं, हीच माझी नोकरी. एका सकाळी कर्जतहून जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. एका वस्तीवर घोडेगावच्या बाजारातून आणलेली म्हैस मेली होती, आणि ती पिसाळली असावी असा त्यांना दाट संशय होता. नमुना तपासणीला गेला होता, पण अहवालाची वाट बघून चालणार नव्हतं. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसली की कुणाच्याच हातात काही उरत नाही.

मरण्याआधी म्हशीची लाळ गळत होती, तिला गिळता येत नव्हतं. अशा वेळी लोकांना वाटतं, घशात काहीतरी अडकलंय, आणि कुणी ना कुणी आत हात घालतंच. मालकाने तीन नावं सांगितली. तिघांनाही लगेच गाडीत बसवून लस द्यायला नेलं. निघताना मालकाची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्याडम, म्हातारबांनीबी हात घातल्ता. पर मी सांगितलं म्हनू नका."

म्हातारबा शेजारच्या मळ्यात राहायचे. सत्तरी ओलांडलेली. आसपास कुणाचंही जनावर आजारी पडलं, की आधी त्यांना बोलावणं जायचं. संध्याकाळी मी गेले, तर म्हणाले, "मी न्हाई बा हात लावला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. ते घास कापत होते. उजव्या मनगटावर ताजा ओरखडा होता.

"बाबा, हे काय?"

"इळा लागला."

"विळा तर उजव्याच हातात आहे. लागला असता तर डाव्याला लागला असता."

ते पुन्हा घास कापायला वाकले. नोकरीच्या सुरुवातीला एका माणसाचं 'नाही' मी खरं मानलं होतं. पुढे पेल्यातलं पाणी बघून त्याच्या घशाला आचके येताना मी पाहिलं. ते सगळं मी म्हातारबांना सांगितलं, काहीही न झाकता.

ते बांधावर बसले. "मीच म्हनलो हुतो, कोय अडकली आसंल. माज्या सांगन्यावर त्या पोरांनी हात घातला. आता कुन्या तोंडानं सांगू?"

"तोंडाने काहीच सांगू नका. गाडीत बसा."

आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं मनगट धुवून घेतलं. मग लस, आणि जखमेतच विषाणूला रोखणारं सीरम. सुई आत जाताना त्यांनी डोळेही मिटले नाहीत.

अहवाल आला. म्हैस पिसाळलेलीच होती. पुढच्या डोसला चौघं एकाच गाडीतून आले, आणि त्या तिघांनी पुढची सीट म्हातारबांना दिली होती. एकही डोस कुणाचा चुकला नाही. मी चुकू दिला नाही. चौघंही आज धडधाकट आहेत.

पुढच्या वर्षी म्हातारबांचाच फोन आला. "पोरी, वरच्या वाडीत गाय तसंच करतीया. पाच जनांनी हात घातलाय. नावं लिवून घेतल्यात, हात धुवायला लावलेत. कवा येतीस?"